न भरायची रिकामी जागा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: “मी मिरजेतल्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, मग जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा). परदेशी नोकरीसाठी ओईटी (आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा) द्यायची आहे, परीक्षा तीन महिन्यांवर आली. वाचन आणि ऐकणं जमतं, अडतं ते परीक्षेतलं, पेशंटची माहिती कळवणारं पत्र लिहिताना. रिलेटिव्ह प्रोनाउनचे (हू, विच, दॅट वगैरे) नियम पाठ आहेत, वर्कबुकातल्या रिकाम्या जागा जवळजवळ सगळ्या बरोबर येतात. पण पत्र लिहायला बसलं की एकतर तुकड्यातुकड्यांची वाक्यं होतात, नाहीतर लांब वाक्य मध्येच फसतं आणि मॅडम लाल रेघ मारतात. कॉमा कुठे द्यायचा हे तर कळतच नाही. चुकलेली तीन वाक्यं सोबत पाठवते. ड्यूटीनंतर तासभर मिळतो. आधी वर्कबुक संपवू का? की मराठी माध्यमामुळे हे असंच राहणार?”

ताई,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: असंच राहणार नाही. तुम्ही रोज हँडओव्हर देता तेव्हा “रात्री ताप आलेला तीन नंबरचा पेशंट”, “उद्या डिस्चार्ज होणाऱ्या आजी”, “काल ड्रेसिंग बदललेली जखम” असं बोलता. ही सगळी रिलेटिव्ह क्लॉजचीच कामं आहेत. अमुक एका माणसाकडे किंवा वस्तूकडे बोट दाखवायचं, आणि कोणता ते सांगायला त्याला एक अख्खी घटना जोडायची. हे काम तुम्हाला उत्तम येतं. इंग्रजी तेच काम वेगळ्या क्रमाने करतं, आणि त्या क्रमाचा सराव तुम्हाला कुणी दिलेला दिसत नाही.

वर्कबुक इथेच कमी पडतं. “द नर्स डॅश वर्क्स अॅट नाइट” अशा वाक्यात हू की विच एवढंच ठरवायचं असतं. नाम कुठे, क्रियापद कुठे, कोणता शब्द गाळायचा, हे सगळं पुस्तक छापणाऱ्याने आधीच केलेलं असतं. तुम्ही फक्त शेवटचा खिळा ठोकता. पत्रात मात्र पहिल्या शब्दापासून वाक्य तुम्हालाच उभं करायचं असतं, त्यामुळे वर्कबुकातले गुण तिथे उपयोगी पडत नाहीत. माझं मत विचाराल तर पुढचे दोन आठवडे वर्कबुक कपाटात ठेवा. नंतर ते कसं वापरायचं ते शेवटी सांगते.

तुकड्यांच्या वाक्यांबद्दल थोडं. चूक होईल या भीतीने माणूस ती रचनाच टाळतो, आणि टाळलं की लाल रेघही येत नाही, म्हणून सगळं ठीक वाटतं. जॅकलिन शॅक्टर या भाषा-अभ्यासक बाईंनी १९७४ साली हे फार छान दाखवून दिलं. इंग्रजी शिकणाऱ्या फारसी, अरबी, चिनी आणि जपानी भाषकांच्या लेखनातले रिलेटिव्ह क्लॉज त्यांनी मोजले. चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या चुका सगळ्यांत कमी निघाल्या, पण त्यांनी ही रचना मुळात वापरलीच होती इतरांच्या निम्म्याच्या आसपास. फारसी आणि अरबीत हे गौणवाक्य, म्हणजे रिलेटिव्ह क्लॉज, इंग्रजीसारखंच नामाच्या मागून येतं. चिनी आणि जपानीत ते नामाच्या आधी येतं, आपल्या “काल आलेला पेशंट”सारखं. तुम्ही तुकडे पाडता यामागे आळस नाही. मराठीतून जो क्रम हाताला लागलेला आहे तो इंग्रजीत चालत नाही, हे तुम्हाला आतून जाणवतं, म्हणून तुम्ही थांबता.

मराठीत आपल्याकडे दोन वाटा आहेत. एक म्हणजे धातुसाधिताची: काल ॲडमिट झालेला पेशंट. सगळी माहिती आधी, नाम शेवटी. दुसरी जो-तो ची: जो पेशंट काल ॲडमिट झाला, तो घरी गेला. दोन वाक्यं, दोन सर्वनामं, एकमेकांना धरून. इंग्रजीची वाट तिसरी आहे. नाम आधी उच्चारायचं, त्याला लगेच चिकटून हू किंवा विच, मग घटना, आणि “तो” अजिबात म्हणायचा नाही: “द पेशंट हू वॉज ॲडमिटेड येस्टरडे हॅज गॉन होम.” मराठीतला “तो” मनात राहिला की “द पेशंट हू वॉज ॲडमिटेड येस्टरडे, ही हॅज गॉन होम” असं होतं. त्यातला “ही” काढून टाकायचा.

आता तुमची तीन वाक्यं. तिन्ही चुका वेगवेगळ्या दिसतात, पण मुळाशी एकच गोष्ट आहे.

पहिलं: “द मेडिसिन विच डॉक्टर गेव्ह इट टु द पेशंट वॉज स्टॉप्ड.” तिसरं: “द वॉर्ड विच आय वर्क इज ऑन द सेकंड फ्लोअर.” एकात “इट” जास्त आहे, दुसऱ्यात “इन” कमी आहे. का, ते बघू.

सलाईन लावण्याचा प्रसंग घ्या. मराठीत आपण म्हणतो: मी लावलेलं सलाईन. सलाईन लावलेला पेशंट. सलाईन लावलेला हात. क्रियापदाचं रूप तेच, फक्त लिंग बदललं. सलाईन, पेशंट आणि हात यांचा त्या क्रियेशी असलेला संबंध मात्र तिन्ही ठिकाणी वेगळा आहे. सलाईन लावलं, पेशंटला लावलं, हातात लावलं. तो “ला” आणि तो “त” मराठीने गिळून टाकला, कारण ऐकणाऱ्याला ते कळतंच. “सलाईन लावलेल्या सिस्टर” म्हटलं, तर सिस्टरांनी ते लावलं की त्यांनाच लागलं, हेही आपण प्रसंगावरून ओळखतो. इंग्रजी इतकं ऐकणाऱ्यावर सोपवत नाही. तिथे प्रत्येक संबंध दिसावा लागतो (ड्रिप म्हणजे सलाईन, कॅन्युला म्हणजे शिरेत घालायची नळी):

“द ड्रिप दॅट आय स्टार्टेड.”
“द पेशंट हूज ड्रिप आय स्टार्टेड.”
“द हँड दॅट आय पुट द कॅन्युला इन.”
“द नर्स हू स्टार्टेड द ड्रिप.”

ही चार वाक्यं बनतात कशी? आधी मनात साधं, पूर्ण वाक्य म्हणायचं: “आय पुट द कॅन्युला इन द हँड.” मग ज्या नामाबद्दल बोलायचं आहे ते, म्हणजे “द हँड”, उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवायचं. जिथून ते उचललं तिथे जागा रिकामी झाली. ती रिकामीच राहू द्यायची. आजूबाजूचं काहीही हलवायचं नाही, अपवाद फक्त हूजचा, त्याच्याबरोबर “ड्रिप”सारखं त्याचं नामही पुढे येतं. “इन” होता, तो तिथेच राहील, जरी त्याच्यापुढे आता कुणी नसलं तरी.

तुमची पहिली चूक म्हणजे ती जागा भरणं. “द डॉक्टर गेव्ह द मेडिसिन टु द पेशंट” यातून “मेडिसिन” पुढे गेलं, तिथे जागा झाली आणि तुम्ही “इट” बसवलंत. शाळेपासून रिकाम्या जागा भरायची सवय लागलेली असते, ही मात्र भरायची नसते. “द मेडिसिन विच द डॉक्टर गेव्ह टु द पेशंट वॉज स्टॉप्ड.” तिसऱ्या वाक्यात उलट झालं. “आय वर्क इन द वॉर्ड” यातून “वॉर्ड” उचलताना “इन”ही हरवला, कारण “मी काम करते तो वॉर्ड” यात “त” ऐकूच येत नाही. “द वॉर्ड विच आय वर्क इन.” पत्रात औपचारिक हवं असेल तर तोच “इन” पुढे आणा, “द वॉर्ड इन विच आय वर्क”, किंवा सरळ “व्हेअर” घ्या आणि मग “इन” सोडून द्या. तिन्ही बरोबर. “व्हेअर आय वर्क इन” मात्र नको.

दुसरं वाक्य: “द सर्जन बाय हूम डन द ऑपरेशन इज ऑन लीव्ह.” हे मी मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांत नेहमी पाहते, आणि ते कुठून येतं तेही स्पष्ट आहे. “ज्या सर्जननी ऑपरेशन केलं”. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की आपल्या कर्त्याला “ने” किंवा “नी” लागतो, आणि “ने” म्हणजे “बाय” असं आपल्याला शाळेत सांगितलेलं असतं. पण हा “ने” कर्त्याचा आहे. साधं वाक्य म्हणून बघा: “द सर्जन परफॉर्म्ड द ऑपरेशन.” यात “बाय” आहे का? मग रिलेटिव्ह क्लॉजमध्ये कुठून येईल? “द सर्जन हू परफॉर्म्ड द ऑपरेशन इज ऑन लीव्ह.” “ज्याने, जिने, ज्यांनी” मनात आलं की हात थांबवा आणि आधी साधं वाक्य म्हणा.

कोणतं सर्वनाम कधी, हे तुम्हाला येतं, तरी पत्राच्या कामाचं तेवढं सांगते. रिलेटिव्ह प्रोनाउननंतर लगेच क्रियापद आलं तर ते कर्त्याच्या जागेवर आहे आणि ते गाळता येत नाही: “द नर्स हू केम”. त्याच्यानंतर दुसरं नाम किंवा “आय, ही, द डॉक्टर” असं काही आलं आणि आधी कॉमा किंवा “इन, टु” असा शब्द नसेल तर ते (हूज सोडून) गाळता येतं: “द टॅब्लेट्स ही टेक्स”. तोंडी परीक्षेतल्या दोन्ही रोल-प्लेमध्ये पेशंटशी बोलताना हे गाळलेलं रूपच कानाला बरं लागतं. “हूम” पत्रात “टु, विथ, फॉर” यांच्या मागून आला तर वापरा, एरवी त्याची चिंता करू नका. “हूज” माणसांपुरता नाही. “अ वूंड हूज एजेस आर रेड” हे चांगलं इंग्रजी आहे. त्याच्यानंतर लगेच नाम येतं, मध्ये “द” नको. “दॅट” माणसांना चालतो, वस्तूंना चालतो, पण कॉमानंतर आणि “इन, ऑन, विथ” यांच्यानंतर चालत नाही.

विच आणि दॅट यांच्यावरून मॅडमनी कधी रेघ मारली असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. कॉमा नसेल तिथे दॅट आणि असेल तिथे विच, अशी कडक वाटणी हेन्री फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात सुचवली होती. अमेरिकी संपादक ती बऱ्यापैकी पाळतात. ब्रिटिश लेखनात कॉमाशिवाय विच सर्रास येतो आणि तो चुकीचा नाही.

कॉमाबद्दल मात्र मी आग्रही आहे, कारण तुमच्या कामात त्याने अर्थ पार बदलतो. ही दोन वाक्यं वाचा.

“द अँटिबायोटिक्स विच कॉज्ड अ रॅश वेअर स्टॉप्ड.”

“द अँटिबायोटिक्स, विच कॉज्ड अ रॅश, वेअर स्टॉप्ड.”

पहिल्याचा अर्थ असा, की ज्यांनी पुरळ आलं तेवढीच अँटिबायोटिक्स बंद केली, बाकीची चालू असतील. दुसऱ्याचा अर्थ असा, की सगळीच बंद केली आणि जाता जाता सांगतो, त्यांनी पुरळ आलं होतं. पत्र वाचणारा डॉक्टर परगावी बसलेला आहे. पुढचा डोस द्यायचा की नाही हे तो तुमच्या त्या दोन कॉमांवरून ठरवू शकतो. तसंच “द पेशंट्स हू हॅड फीव्हर वेअर शिफ्टेड” म्हणजे ताप असलेले तेवढे हलवले. दोन्ही बाजूंना कॉमा घातले की वॉर्डातल्या सगळ्यांनाच ताप होता आणि सगळेच हलवले.

स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: ही माहिती काढून टाकली तर “कोणता?” असं कुणी विचारेल का? विचारेल, तर कॉमा नाही, कारण ओळख पटायला ती माहिती लागतेय. विचारणार नाही, तर कॉमा हवा. म्हणून नावानंतर जवळजवळ नेहमी कॉमा येतो. “मिस्टर जोशी” म्हटल्यावर कोणते जोशी, हा प्रश्न पत्रात उरत नाही. “हिज डॉटर, हू लिव्ह्ज इन पुणे” म्हणजे त्यांना मुलगी एकच. कॉमा काढला तर वाचणाऱ्याला वाटेल, मुली दोन-तीन असाव्यात आणि ही त्यांतली पुण्याची. डिस्चार्जनंतर फोन कोणाला करायचा हे ज्याला ठरवायचं आहे, त्याला याने फरक पडतो.

आणि कॉमा दोन असतात. पहिला सगळे घालतात, गौणवाक्य संपल्यावरचा दुसरा विसरतात. तुमच्या नमुना पत्रात तो चार ठिकाणी राहिलाय. मोठ्याने वाचताना पहिल्या कॉमाशी आवाज जरा खाली आणा आणि दुसऱ्याशी पुन्हा वर न्या. आवाज वर न्यायची जागा कानाला सापडली की दुसरा कॉमा हाताला आपोआप सापडतो.

आता सरावाचं. तासभर म्हणता, पण ड्यूटी करून आलेल्या माणसाचा तो तास पूर्ण धरू नका. वीस-पंचवीस मिनिटं रोज मिळाली तरी पुरे.

पहिल्या आठवड्यात अख्खं वाक्य लिहूच नका. त्या दिवसाच्या ड्यूटीतले “-लेला”, “-णारा” किंवा “जो-तो” असलेले आठ-दहा शब्दसमूह मराठीत लिहा, पेशंटचं नाव न घालता: पडून हाड मोडलेल्या आजी. रक्त तपासायला पाठवलेली ट्यूब. मावशींनी पुसलेली ट्रॉली. रात्री ज्यांच्याशी बोलले ते डॉक्टर. मुलगा परदेशात असलेले आजोबा. प्रत्येकाखाली आधी साधं इंग्रजी वाक्य लिहा, मग नाम उचलून पुढे ठेवा, जागा रिकामी सोडा. “आय स्पोक टु द डॉक्टर अॅट नाइट” यातून “द डॉक्टर आय स्पोक टु अॅट नाइट”. “हिज सन लिव्ह्ज अब्रॉड” यातून “द ओल्ड मॅन हूज सन लिव्ह्ज अब्रॉड”. रिकाम्या जागेवर पेन्सिलने छोटी फुली मारा. ती फुली कुठे पडते हे बघणं म्हणजेच हा सराव, आणि माझ्या मते तुम्हाला सगळ्यांत जास्त फायदा याच आठवड्याचा होईल. म्हणून तो कंटाळवाणा वाटला तरी उरकू नका.

दुसऱ्या आठवड्यात हेच समूह वाक्यात बसवा. आधी शेवटी: “आय कॉल्ड द डॉक्टर हू हॅड सीन हर इन द मॉर्निंग.” शेवटी बसवणं सोपं, कारण गौणवाक्य संपलं की वाक्यच संपतं. मग सुरुवातीला: “द पेशंट्स हू केम विथ फीव्हर वेअर शिफ्टेड.” इथे मुख्य क्रियापद लांब जातं आणि मधल्या “फीव्हर”कडे बघून “वॉज” लिहिलं जातं. क्रियापद लिहिण्याआधी मागे वळून मूळ नामावर बोट ठेवा: पेशंट्स, म्हणून वेअर. आणखी एक: गौणवाक्य आपल्या नामापासून लांब जाऊ देऊ नका. “द रिपोर्ट ऑफ द पेशंट विच इज ऑन द टेबल” वाचून टेबलावर पेशंट दिसतो.

याच सुमारास वॉर्डातल्या एखाद्या मैत्रिणीला हाताशी धरा. वस्तूचं नाव न घेता ती इंग्रजीत ओळखायला लावायची: “इट इज द थिंग दॅट वी मेझर बीपी विथ.” “इट इज द रूम व्हेअर वी कीप द ऑक्सिजन सिलिंडर्स.” चहाच्या सुट्टीत पाच मिनिटं हे केलं तर लिहिण्यापेक्षा पटकन जीभ वळते, आणि शेवटचा “विथ” न गाळायची सवय बोलतानाच लागते.

वाचताना दॅट दिसला की तो प्रत्येक वेळी रिलेटिव्ह असतो असं धरू नका. “द डॉक्टर सेड दॅट द वूंड वॉज क्लीन” यात दॅटनंतरचं वाक्य पूर्ण आहे, कुठेही जागा रिकामी नाही, म्हणजे हा आपला नेहमीचा “की”. “द वूंड दॅट द डॉक्टर क्लीन्ड” यात “क्लीन्ड”नंतर जागा आहे, म्हणून तो रिलेटिव्ह. फुली मारायला जागा सापडते का, एवढंच बघायचं. औषधांच्या खोक्यातली इंग्रजी माहितीपत्रकं यासाठी चांगली, शब्द तुमच्या ओळखीचे असतात.

तिसऱ्या आठवड्यापासून पत्र. आणि इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, कारण व्याकरणाच्या पुस्तकात ती सहसा नसते. तुमच्या नमुना पत्रात वाक्यं अशी आहेत: “मिस्टर जोशी इज अ रिटायर्ड फार्मर. ही इज सिक्स्टी-फोर. ही डेव्हलप्ड चेस्ट पेन धिस मॉर्निंग.” जोडायला हवीत हे खरं. पण जोडताना जर “मिस्टर जोशी, हू डेव्हलप्ड चेस्ट पेन धिस मॉर्निंग, इज अ रिटायर्ड फार्मर” असं लिहिलंत, तर व्याकरण निर्दोष आणि पत्र बिघडलेलं. छातीतलं दुखणं कॉमांच्या आत जाऊन बसलं आणि बातमी काय उरली, तर ते निवृत्त शेतकरी आहेत. आधी ठरवा, वाचणाऱ्या डॉक्टरला काय कळलंच पाहिजे. ते मुख्य वाक्यात. बाकीचं हूच्या पोटात: “मिस्टर जोशी, हू इज अ सिक्स्टी-फोर-इयर-ओल्ड रिटायर्ड फार्मर, डेव्हलप्ड चेस्ट पेन धिस मॉर्निंग.” तुमच्या जुन्या पत्रांत “ही, शी, इट” ने सुरू होणारी वाक्यं शोधा. तिथे तिथे जोडाची शक्यता आहे. प्रत्येक ठिकाणी आधी मराठीत स्वतःला विचारा, यातलं महत्त्वाचं काय, आणि मगच जोडा. सगळं जोडूही नका. ऑक्सिजन कमी झाला, बेशुद्ध पडले, अशा गोष्टी छोट्या, वेगळ्या वाक्यातच शोभतात. एका परिच्छेदात असे दोन जोड भरपूर झाले. पत्र १८० ते २०० शब्दांचं, पाच मिनिटं वाचायला आणि चाळीस लिहायला. त्याचे गुण सहा निकषांवर पडतात आणि भाषा हा त्यांतला एकच आहे. हेतू आणि नेमकेपणा यांचेही वेगळे गुण आहेत, आणि कोणती माहिती कुठे बसवता यावर ते थेट अवलंबून आहेत.

एक रचना मात्र जरूर शिकून घ्या: अख्ख्या वाक्याला लागणारा विच. “ही मिस्ड टू डोसेस ऑफ इन्सुलिन, विच रेज्ड हिज ब्लड शुगर.” आपल्या “ज्यामुळे”च्या जागी हा नीट बसतो. त्याच्याआधी कॉमा लागतोच. पत्रात एकदाच वापरा.

वर्कबुकाचं आता. तिसऱ्या आठवड्यात ते कपाटातून काढा, पण रिकाम्या जागा भरण्यासाठी नाही. उत्तरासकट पूर्ण वाक्य वाचा, ते दोन साध्या वाक्यांत मोडा, ती दोन वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी पुस्तक न उघडता ती पुन्हा जोडा आणि मग ताडून बघा. दिवसाला पाच वाक्यं पुरे. पुस्तक संपवायची गरज नाही.

मॅडमना एक विनंती करा. लाल रेघेसोबत समासात एक शब्द लिहायला सांगा: जागा भरली, “इन” सुटला, कॉमा चुकला, की बातमी आत गेली. पंधरा दिवसांत कोणता शब्द जास्त वेळा आला ते मोजा आणि पुढच्या पत्राआधीची दहा मिनिटं फक्त त्याच चुकीवर घाला.